गोकुळाला दोन देशांची मागणी

घाटटोला, मार्कंड्याजवळ
तालुका गडचिरोली, जिल्हा चांदा
८ एप्रिल १९५६

गोकुळे,

आशीर्वाद हे पत्र लिहून देणारे गुरुजी आपल्या मनानं कुठी तरी बसवून देतीन. मले आधी श्वास घेऊ दे.

काल टपालवाला आला आन आंगणात बसलाच. पाणी मांगतलं, पेलं, मंग पिशवीतून दोन पाकिटं काढली. एकाच्या काठाले लाल-निळे पट्टे, नवरदेवाच्या धोतरासारखे. दुसऱ्यावर कोपऱ्यात असे अक्षर का लटारू गुरुजींलेबी वाचता येईना. म्हणे, "बाई, हे लोक उभं लिहितात." मी म्हटलं, "मले उभं काय आन आडवं काय, सारखंच."

पाकिटं आम्ही फोडली. तुह्या नावाची होती, ठाऊक हाये. तूच घरचा पत्ता देला, मंग घरचे फोडणारच. बंद पाकीट पाहत बसाले आम्ही काय देवळातल्या मूर्ती हाओत?

गुरुजींनं वाचलं. एक अमेरिकेचं, एक जपानचं. दोघंबी म्हणते, पोरगी धाडा, मासोळीचं मोठं शिक्षण देतो, राहणं-खाणं आमचं, जहाजाचं तिकीटबी आमचं. मी म्हटलं, नीट वाचा गा. त्याइनं नीट वाचलं, तरी तेच निघालं. तुहा बाप जाळं शिवून राह्यला होता. सुई बोटात घुसली, रक्त निघालं, तवा त्याले समजलं. तुह्या मायच्या हातचं आंबील भुईवर.

ढिवराच्या पोरीले मासोळी शिकवाले लोक जहाज धाडते! अवं, मी तुले बोडीच्या तळ्यात उतरवून फुकट शिकवत होती, तवा तू चिखल लागते म्हणून रडत होती.

मंग गुरुजींनं दुसरा धक्का देला. म्हणे, या दोन देशाइची लढाई झाली हाये. अमेरिकेनं जपानवर असा गोळा टाकला का अख्खं शहर जळून गेलं. आन दोन साल आधी आणखी कुठी समुद्रात गोळा फोडला, तं त्याची राख जपानच्या डोंग्यावर पडली, आन तिथच्या लोकाइनं धरलेली मासोळी जमिनीत पुरून टाकली. पुरून! गोकुळे, माहा हात गालावरून खाली येईना. एकमेकाच्या घराले आग लावणारे दोघं, आन दोघाइले आमचीच पोर पायजे?

तू कोणाले हो म्हणशील ते लवकर कळव. येणारा-जाणारा कुडावरून डोकावून राह्यला हाये.

तुही आजी
भागीरथा

(आशीर्वाद येथे बसवतो : चि. गोकुळास अनेक आशीर्वाद. दोन्ही मूळ पत्रे सोबत आहेत. जपणे. — लटारू गुरुजी)


मुलींचे वसतिगृह, नागपूर
१४ एप्रिल १९५६

ती. आजीस नमस्कार,

तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी वाटलं, तूच काहीतरी थट्टा करते आहेस. मग पाकिटातून ते दोन कागद निघाले आणि मी नुसती पलंगावर बसून राहिले. अर्ज मी केले होते, खरं आहे. आमच्या प्राणिशास्त्राच्या कमळाबाईंनी भरायला लावले. पण दोन्हीकडून बोलावणं येईल असं मलाच काय, त्यांनाही वाटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून वाचलं.

आधी एक गोष्ट. या मागण्या नव्हेत, आजी. हा प्रवेश आहे. बी.एस्सी. झाल्यावर पुढची एम.एस्सी. करायची, दोन-तीन वर्षांनी परत यायचं. नवरदेव कुठेच नाही.

अमेरिकेचं विद्यापीठ सिॲटल नावाच्या गावात आहे, समुद्राकाठी. त्यांची स्वतःची जहाजं आहेत मासोळी तपासायला. प्रयोगशाळा एवढी मोठी म्हणतात की आपल्या मार्कंड्याची जत्रा आत मावेल. शिकवणं इंग्रजीत. जपानचं हाकोदातेला. तिथे बर्फ पडतं, आणि आधी वर्षभर त्यांची भाषा शिकावी लागेल, अगदी पाटीवर गिरवल्यासारखी. तिथे घरामागच्या लहानशा तळ्यांतून मासोळी वाढवतात. राखेचं म्हणशील तर ते खरं होतं. यंत्रानं तपासून त्यांनी ती मासोळी पुरली. आता तसं नाही. पुरताना त्यांच्याही हाताला बरं वाटलं नसेल, आजी.

इथे ज्याला सांगावं तो म्हणतो, विचार कसला करतेस, अमेरिका. कमळाबाई म्हणतात, तुझं तू ठरव. मलाही वाटतं मी अमेरिकाच म्हणेन.

दोघांनाही मे संपायच्या आत कळवायचं आहे. परीक्षा झाली की मी घरी येते. बाबा, माय, तू, आपण बसून ठरवू. तोवर कृपा करून कोणाला सांगू नका.

तुझी
गोकुळा


घाटटोला
२४ एप्रिल १९५६

गोकुळे,

"कोणाला सांगू नका" हे तू लिहिलेलं गुरुजींनं वाचलं, तवा आंगणात अर्धं गाव बसून होतं. त्या साऱ्याइनं ऐकलं का कोणाले सांगाचं नाई. तवापासून कोणी कोणाले सांगत नाई. सांगाले कोणी उरलंच नाई.

पंचबी येऊन गेले. त्याइले एकच चिंता, तिथी आपल्या पोरीच्या हातचं कोण खाईन. मी म्हटलं, ज्याले भूक लागन तो खाईन. झिंगू डोंगेवाला विचारते, अमेरिकेत नदी कोण पार करून देते? मी म्हटलं, जा पाहून ये, तेवढाच इथी घाट मोकळा होईन.

आता कामाचं. तू परीक्षेत हायेस म्हणून तुले तरास नाई देला, मीच दोन्ही घरी जवाब धाडला. मागणी आली का पोरीच्या घरून मोठ्याइनंच जवाब द्यावा, पोरीनं नाई. तू प्रवेश म्हण, काही म्हण. पोर आमची, घर आमचं, बोलावणं त्याइचं. याले मागणीच म्हणते. गुरुजींनं पत्ते उतरवून ठेवले होते, त्याइनंच इंग्रजीत लिहिलं, मी बोलली तसंच : "तुमचं बोलावणं पोचलं. आमची पोर आमच्या घराले जड झाली नाई. आम्ही नाई म्हणतो. तुमच्याकडचं पाणीपाऊस कळवजा." दोघाइले एकसारखं, म्हणजे भेदभाव केला असं कोणी म्हणाले नको. खाली माहा अंगठा आन तुह्या बापाचा, मनसारामचाबी.

घाबरशील म्हणून सांगते. आपल्यात पहिल्या खेपेले कोणी हो म्हणत नाई, हे नागपूरच्या हवेनं तू विसरली असशील. पहिल्याच खेपेले हो म्हटलं तं लोक म्हणते पोरीत खोट हाये, घरच्याइले घाई हाये. ज्याले खरंच पायजे तो पुन्हा येते. ज्याले नुसतं विचारून पाहाचं होतं तो दुसऱ्या गावाचा रस्ता धरते. आता पाह्यजो, दोघातला कोण परत येते. जो येईन त्याच्याकडं जाजो. एवढं सोपं असून तुम्ही शिकलेले लोक डोकं धरून बसता!

पेपर चांगले लिहिजो.

भागीरथा

(बाईंनी सांगितले तसेच लिहिले. मी दोनदा विचारले, "नाही" असेच लिहू काय? बाई म्हणाल्या, मग काय गाणं लिहिता? — लटारू)


नागपूर
२९ एप्रिल १९५६

आजी,

हे काय केलंस?

तुझं पत्र हातात घेऊन मी जिन्यात उभी होते. मैत्रिणीनं ते माझ्या हातून घेतलं, वाचलं, हसायला लागली, आणि माझं तोंड पाहून थांबली.

तिकडे नाही म्हणजे नाही, आजी. पहिली खेप, दुसरी खेप असं काही नसतं. त्यांना वाईटही वाटणार नाही. कागद बाजूला ठेवतील आणि जागा दुसऱ्याला देतील. दाराशी माझ्यासारखे कितीतरी उभे असतात. आणि घरच्यांनी मुलीला पाठवायला नकार दिला, हे तर ते लगेच मानतील. असं होतं हे त्यांनी ऐकलेलंच असणार.

गुरुजी मला लहानपणी बोटाला धरून चांद्याच्या शाळेत घेऊन गेले. त्यांनीच हे इंग्रजीत लिहावं?

आता कोणाला काहीही लिहू नका. एक अक्षर नाही. मला यापुढे लिहवत नाही. उद्या प्रॅक्टिकल आहे.

गोकुळा


घाटटोला
७ मे १९५६

गोकुळे,

तुहं पत्र वाचता वाचता गुरुजी थांबले. मी म्हटलं, पुढचं वाचा. म्हणे, बाई, पुढं नाईच. एवढंसं पत्र! मंग त्याइनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आन आंगणाबाहेर जाऊन उभे राह्यले. त्याइले काही बोलू नको. मी भुताटकीसारखी मागं लागली म्हणून त्याइनं लिहिलं.

अवं पोरी, त्या लोकात एकदा नाई म्हटलं का खलास? मंग त्याइच्यात सोयरीक जुळते कशी? भांडणं मिटते कशी? घरी आलेल्या पाव्हण्याले जेवतं का विचारलं, आन तो लाजून नाई म्हणाला, तं त्याले तसाच उपाशी धाडते काय? असे लोक दुनियेत हायेत हे मले या वयात समजलं. अन् तेबी तुह्या जिवावर.

माह्या बापानं तुह्या आज्याच्या घरच्याइले दोनदा परत धाडलं होतं. दुसऱ्या खेपेले ते लोक पानसुपारीबी न घेता उठले. मी कुडाच्या आडून पाहून राह्यली होती. त्याइची बैलगाडी मोहाच्या झाडामागं दिसेनाशी झाली, तवा माह्या पोटात असा खड्डा पडला का आजबी हात ठेवला तं सापडन. बापाले सांगता येत नव्हतं का मले तो पोरगा पायजे. ते लोक पुन्हा आले, म्हणून गोड झालं. नसते आले तं? हे मी कवा मनातच आणलं नव्हतं. तुहं पत्र ऐकलं तवा आणलं.

आता तू सांग. कोणाले हो म्हणाचं? गुरुजी आजच लिहितीन. बुढी येडी हाये, तिच्या डोक्यावर परिणाम झाला हाये, असं लिहा म्हणते मी. ते काय इथी येते पाहाले? अन् आले तं मी तसं करून दाखवीन.

तुही माय जेवत नाई. तू दोन ओळी लिहिजो, तिच्यासाठी.

भागीरथा


नागपूर
१६ मे १९५६

ती. आजी,

मायला सांग, मी बरी आहे, जेवते. आणि तुझ्यावरचा राग उतरला. म्हणजे पूर्ण नाही, पण पाकिटात मावेल एवढाच उरला आहे.

तुझं ते नकाराचं पत्र आलं त्याच दिवशी मी कमळाबाईंकडे गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "गोकुळा, दोन्हीकडे रदबदली करून चालणार नाही. दोन दारांत एकदमच हात पसरणं बरं दिसत नाही. एकालाच लिही. कुठे लिहू, सांग." आणि माझ्या तोंडातून निघालं, जपान.

मी स्वतःच दचकले, आजी. तोवर मी अमेरिका अमेरिका करत होते. वसतिगृहातल्या मुलींना सिॲटलचं चित्र दाखवत होते. पण दोन्ही गेलं असं कळलं, तेव्हा मला जहाजं आठवली नाहीत, ती मोठी प्रयोगशाळाही आठवली नाही. मला जपानच्या पत्रातली शेवटची ओळ आठवली. ती गुरुजींनी तुला वाचून दाखवली की नाही, ठाऊक नाही. मी अर्जात रोहूचं लिहिलं होतं, त्यावरून तिथल्या प्राध्यापकांनी विचारलं होतं, तुमच्या गावच्या तळ्यात रोहू अंडी का घालत नाही, तुमचे लोक याबद्दल काय म्हणतात? आम्हाला ठाऊक नाही, तुम्ही आलात तर बरोबर शोधू.

आपण दरसाल नदीतून मासोळीचं बी, ती इवलाली पिल्लं, गोळा करतो आणि बोडीत सोडतो. का करावं लागतं, हे मी लहानपणी तुला विचारायचे आणि तू म्हणायचीस, रोहूला उभ्या पाण्यात लाज वाटते. ते मला शोधायचं आहे. अमेरिकेच्या पत्रात ते मला काय काय शिकवतील हे होतं. मला कोणी काही विचारलं नव्हतं.

म्हणून मी जपानला लिहिलं. स्वतः लिहिलं, की नकार घरच्या रिवाजाचा होता, माझा नव्हता, आणि जागा असेल तर मला हवी आहे. कमळाबाईंनी सोबत चिठ्ठी जोडली. तुला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. पण लपवलं नाही.

उत्तर येईपर्यंत मी इथेच आहे. कमळाबाईंनी सुट्टीत प्रयोगशाळेत काम दिलं आहे. तिकडून पत्र आलं तर घरच्याच पत्त्यावर येईल. आलं की लगेच पाठवा. फोडून पाठवलंत तरी चालेल!

तुझी
गोकुळा


घाटटोला
१२ जून १९५६

गोकुळे,

तुह्या पत्राले जवाब देला नाई, काऊन का मी तुह्याशी बोलत नव्हती. तुले समजलं नसंन, म्हणून सांगून राह्यली.

पोरीनं सोता मागाले जाणं! आमच्या घराण्यात असं झालं नाई. मी कुडाच्या आड पोटात खड्डा घेऊन उभी राह्यली, पण तोंड उघडलं नाई. अन् तू सरळ लिहून धाडलं, मले पायजे म्हणून! गुरुजींनं ते वाक्य हळू वाचलं, तरी शेजारच्या आंगणात ऐकू गेलं. बाया नदीवर माह्याशी गोड बोलून राह्यल्या हायेत. त्या कवा गोड बोलतात ते तुले ठाऊक हाये.

मनसारामले मी म्हटलं, पाह्य तुह्या पोरीचे पराक्रम. त्यानं डोंगा लोटता लोटता म्हटलं, "मासोळी काय घरी येते काय, माय? जा तं लागते." अन् गेला. जन्मभर न बोलणारा माणूस बोलला तं असा.

आता ऐक, काऊन मी आज बोलून राह्यली. काल अमेरिकेचं पाकीट आलं.

ते परत आले, गोकुळे!

गुरुजींनं वाचून दाखवलं. अमेरिकावाला म्हणते, तुमच्या घरच्याइची काळजी आम्ही समजू शकतो. पोरीवर लक्ष ठेवाले आमच्याकडं एक पोक्त बाई हाये. जून सरेपर्यंत आम्ही जागा राखून ठेवतो, पुन्हा विचार करा. शेवटी लिहिलं, आमच्याकडं पाऊस बारीक पडते पण पुष्कळ दिवस पडते. मी विचारलं होतं ना पाणीपाऊस? त्यानं सांगतलं. पाह्यलं, कसा माणूस हाये? पंच म्हणे, हेच घर खरं. पोट्ट्याइनं डफ वाजवला. मी सांगतलं होतं ना, ज्याले खरंच पायजे तो पुन्हा येते?

अन् जपान? तुही बुढी नाई म्हणाली, ते गप. तुही तू मागाले गेली, तरी गप. महिना होत आला.

मले माह्या हातानं हो लिहावं वाटून राह्यलं हाये. गुरुजींनं दौतबी आणली होती. पण तू म्हटलं होतं, एक अक्षर लिहू नका. मागच्या खेपेले मी लिहिलं तं तुले पुढं लिहवलं नाई. आता तूच लिही. मात्र एक ध्यानात ठेव. या साली तू कुठीच गेली नाई, तं पंच तुह्या लग्नाचं काढतीन, आन मंग मले त्याइले लय दिवस थोपवता येणार नाई. हातातली जागा सोडू नको. मी धमकी देऊन राह्यली नाई. भीक मागून राह्यली हाये.

अमेरिकेचं पत्र सोबत हाये.

भागीरथा


नागपूर
२१ जून १९५६

ती. आजी,

मी पास झाले. पहिल्या वर्गात.

अमेरिकेचं पत्र मिळालं. खरंच चांगला माणूस आहे तो. मी कमळाबाईंना दाखवलं, त्यांनाही गहिवरून आलं. दोन दिवस मी ते उशाशी घेऊन होते. मी हो लिहायला बसलेही, आजी. वर तारीख लिहिली, त्यांचं नाव लिहिलं.

मग मला वाटलं, मी हो लिहिलं आणि उद्या जपानचं उत्तर आलं, तर मी त्याला काय सांगू? मीच मागितलं आणि मीच नको म्हटलं? आणि अमेरिकेला अडकवून ठेवलं, तर ती जागा ज्या कोणाला मिळायची तोही असाच कुठे तरी उभा असेल.

मी "नाही" लिहिलं. पत्र काल टाकलं. तुझ्या रिवाजातलं "नाही" हे नव्हे, आजी. हे खरं "नाही" आहे. त्यांना तसं स्पष्ट सांगितलं, आभार मानले, आणि आजीनं पावसाचं वाचून आनंद केला तेही कळवलं.

जपानचं काही नाही. टपालपेटीत हात घालून मी रोज बघते, जरी ते तुझ्याकडे येणार हे ठाऊक आहे. तुझ्यासारखीच मी कुडाआडून त्या मोहाच्या झाडाकडे बघत उभी आहे.

पंचांना सांग, पाऊस संपेपर्यंत थांबा. त्यानंतर मी काही म्हणणार नाही.

गोकुळा


घाटटोला
१९ जुलै १९५६

गोकुळे,

जित्ती हायेस ना? आधी तेवढं लिहून धाड.

तू अमेरिकेले खरं "नाई" धाडलं हे ऐकून मी जवाबच देला नाई. काय देणार? तुह्या मायनं विचारलं, आता काय होईन? मी म्हटलं, मले काऊन विचारतं, मी आता नागपूरच्या शहाण्या बाईची आजी हाये, मले काही समजत नाई.

मंग नदी फुगली. गुरुजी पल्याड चांद्याले अडकले. काल सकाळी झिंगूनं कसातरी डोंगा आणला. तो घाटावरून आपल्या घराकडं आला, पण डोक्याचं फडकं हातात घेऊन. मी दुरूनच पाह्यलं आन उठून उभी राह्यली. त्याच्या हातात तार होती.

आपल्या गावात तार कवा येते, ते तुले सांगाले पायजे काय? आम्ही जपानच्या पत्राची वाट पाहून राह्यलो होतो, तारेची नाई. झिंगूनं ते कागद माह्या हातात देलं आन भिताडाकडं तोंड केलं. मी म्हटलं, काय हाये? म्हणे, बाई, इंग्रजीत हाये, चामोर्शीच्या तारबाबूनं नुसतं लवकर पोचव म्हटलं. मंग तं खात्रीच पटली. आमच्या घराले इंग्रजीत तार कोण धाडीन? तुह्या होस्टेलवाले. नाई तं दवाखानेवाले.

तुही माय होती तिथीच पडली. बाया धावल्या. चूल विझवली. मनसारामनं जाळं खुंटीले टांगलं आन म्हणे मी नागपूरले चाललो. नदी कुठी सोडते? तो काठावर उभा राहून पाण्यावर ओरडला. तुह्या बापाले ओरडताना कवा ऐकलं काय तू? मी नव्हतं ऐकलं, मी त्याची माय.

मी काय केलं विचारशील. मी रडली, पोरी. छाती पिटून रडली. तुह्या नावानं सारं काढलं. अक्षरावर बसली तं जेवाचं भान नाई अशी माही पोर, म्हणून रडली. दोन देश मागाले आले होते माह्या पोरीले, म्हणून रडली. तं एक बाई दुसरीच्या कानात म्हणे, बुढी रडते का फुशारकी मारते? रडता रडता मी तिले शिवी देली, आन पुन्हा रडली. आन मनातल्या मनात म्हणत होती, मी तवाच अमेरिकेले हो लिहिलं असतं तं पोर जहाजात असती. मीच नाई म्हटलं. माह्याच तोंडानं.

रातभर तसंच. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आन गुरुजी आले. वाटेतच त्याइले कोणी तरी सांगतलं होतं, ते रडतच आंगणात शिरले. तार हातात घेतली. वाचली. मंग गुरुजी भुईवर बसले. म्हणे, "बाई, हे हाकोदातेहून हाये. जागा हाये म्हणते. ऑक्टोबरात या म्हणते. सविस्तर पत्र मागून येते."

एक बाई रडून राह्यली होती, तिले थांबताच येईना. झिंगू म्हणे, म्हणजे मेली नाई? गुरुजी म्हणे, नाई गा, पास झाली. मनसारामनं गुरुजींच्या हातून तार ओढून घेतली. त्याले वाचता येत नाई, तरी तो पाहून राह्यला, उलटी धरून. मंग तुह्या मायले उचलून बसवलं आन तिच्या कानात ओरडून सांगतलं, जशी ती बहिरी हाये.

मले आधी तुहा राग आला. मंग त्या जपानवाल्याचा आला. भल्या माणसानं अशी तार धाडावी? मंग गुरुजी म्हणे, बाई, दिवस थोडे उरले, म्हणून त्यानं घाईनं कळवलं. घाई त्याले! म्हणजे त्यालेबी पायजेच होती तू. हे समजलं तवा मी तोंड धुतलं.

पंचाइले मी सांगून आली. एकानं विचारलं, आता लग्नाचं? मी म्हटलं, काल तुम्हीच तिले खांदा द्याले आले होते, आज लग्न कशाचं काढता?

आता ये. तुही माय तुले हात लावून पाहल्याशिवाय मानणार नाई. आठ-पंधरा दिवस राह्य, मंग कुठून जहाज मिळते तिथून जाजो. आन निघताना घाटावर कोणाच्या डोळ्याले पाणी दिसलं नाई, तं वाईट वाटून घेऊ नको. तुह्या नावाचं रडणं आमचं सारं करून झालं हाये.

भागीरथा